पाच बाय आठच्या जुन्या न्हाणीत देखणी बाथरूम कशी बसवायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: बेळगावच्या वडगावातलं जुनं, लांबट घर. मागं परड्याला लागून पाच बाय आठ फुटांची न्हाणी, खाली शहाबादी फरशी, कोपऱ्यात बंबाची जागा. ती पाडून नव्या पद्धतीची बाथरूम करायची आहे. मोठ्या राखाडी टाईल्स, काळे मॅट नळ, छतातून पडणारा रेन शॉवर आणि भिंतीवर टांगलेला कमोड असे फोटो तुम्ही जमवले आहेत. घरात सत्तरीच्या आई आहेत, त्यांचे गुडघे दुखतात. दोन्ही लांब भिंती शेजाऱ्यांशी सामायिक आहेत, पाणी आठवड्यात काही दिवस नळाचं आणि बाकी बोअरचं. काम गणपतीच्या आधी संपायला हवं, आणि विचारलंय काय, तर कोणत्या टाईल्स आणि कोणता रंग घ्यावा.

टाईल्स आणि रंगावर येतो, पण जरा उशिरा. तुमची खरी अडचण रंगाची नाही. पाच फूट रुंदीत पाणी कुठं पडणार, कुठून बाहेर जाणार आणि बाकीची जमीन कोरडी कशी राहणार, ही ती अडचण आहे. हॉटेलची बाथरूम छान वाटते ती महाग टाईलमुळं कमी आणि पाय ठेवाल तिथं जमीन कोरडी असते म्हणून जास्त. आपल्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत हवाच ओली असते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर भिंतींना घाम फुटतो. अशा हवेत एकदा ओली झालेली बाथरूम दिवसभर ओलीच राहते. मग सांध्यात बुरशी, दाराखाली कुज आणि आईंच्या पायाखाली निसरडं.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या तुम्हालाच मोजाव्या लागतील. पहिली, परड्यातल्या चेंबरची (मैलापाणी जिथून पुढं गटारात जातं त्या हौदीची) खोली. दुसरी, गच्चीवरच्या टाकीचा तळ आणि शॉवरचं तोंड यांच्यातलं उभं अंतर. तिसरी, लांब भिंती विटेच्या आहेत की दगड-मातीच्या. खालचा आराखडा मी अशा गृहीतांवर मांडतो: भिंती जुन्या आणि मातीच्या सांध्याच्या, वर सिमेंटचा स्लॅब, दार पाच फुटांच्या बाजूला घरातून आणि खिडकी समोरच्या, परड्याकडच्या भिंतीत. यातलं एखादं वेगळं असेल तर त्या भागापुरता बदल होईल.

आता मांडणी. आठ फूट म्हणजे 96 इंच. दोन्हीकडचा नवा गिलावा आणि टाईल धरल्यावर हातात साधारण 94 इंच उरतात, रुंदीत 58. दारातून आत आल्यावर एकाच लांब भिंतीवर ओळीनं तीन गोष्टी घ्या: आधी बेसिन 24 इंचांत, मग कमोड 34 इंचांत, शेवटी खिडकीखाली अंघोळीची जागा 36 इंचांत. बेरीज बरोबर 94 येते. कमोडचा मध्य दोन्ही बाजूंच्या अडथळ्यापासून किमान 15 इंच हवा, इथं 17 मिळतो. अंघोळ सगळ्यात आत गेल्यामुळं पाणी दारापर्यंत येतच नाही, आणि दार उघडल्यावर नजर कमोडवर न जाता थेट समोरच्या खिडकीच्या भिंतीवर जाते. सजावटीचा पैसा त्या एका भिंतीवर घाला.

ज्या भिंतीवर हे सगळं येणार ती सामायिक आणि जुनी आहे. तिच्यात पाइपसाठी खाचा मारू नका. दगड-मातीच्या भिंतीत खाच मारली की आतला दगड सैल होतो, आणि शेजाऱ्याच्या बाजूला ओल गेली तर वाद कायमचा. त्याऐवजी तिच्यापुढं चार फूट उंचीची, सात इंच जाडीची एक बुटकी भिंत दारापासून खिडकीपर्यंत सलग उभी करा. टांगत्या कमोडची लोखंडी फ्रेम आणि लपलेली फ्लश टाकी या सात इंचांत बसते. थंड-गरम पाण्याचे पाइप तिच्यातूनच जातात. आणि कमोडचा चार इंची मैलापाइप याच भिंतीतून उताराने मागच्या भिंतीपर्यंत नेऊन थेट परड्यात काढता येतो. टांगत्या कमोडचा निकास जमिनीपासून सुमारे नऊ इंच वर असतो, त्यामुळं जमीन खोल खणावी लागत नाही. बुटक्या भिंतीचा माथा आठ फूट लांब फळीचं काम करतो: बेसिनपाशी ब्रश, कमोडपाशी कागद, शॉवरपाशी साबण-शाम्पू. वेगळे कोनाडे, स्टीलच्या जाळ्या, खिळे काही लागत नाही. रुंदीचा हिशोब बघा: 58 मधून 7 गेले की 51. कमोड भिंतीपासून साधारण 21 इंच पुढं येतो, म्हणजे समोर 30 इंच मोकळे. 24 च्या खाली जायचं नसतं, तेव्हा हे आरामात चालतं.

फ्रेमबद्दल एक सावधगिरी. तिचे पाय जमिनीत बोल्टनं आवळायचे असतात. शहाबादी फरशी मातीवर टाकलेली असेल तर तो बोल्ट धरणार नाही. फरशी काढून मुरूम धुमसा, 250 मायक्रॉनचं प्लॅस्टिक अंथरा आणि त्यावर चार इंच एम-20 दर्जाचं काँक्रीट ओता. प्लॅस्टिकमुळं खालची ओल वर चढत नाही, काँक्रीटमुळं फ्रेम पक्की राहते. टांगता कमोड हलतो अशी तक्रार ऐकलीत तर बहुतेक वेळा कारण हेच निघतं, खाली नीट काँक्रीटच नव्हतं. फ्रेम बसवताना आसनाची उंची 18 इंच धरा. बाजारातले बरेच कमोड 15-16 इंचांवर बसवले जातात, गुडघेदुखीच्या माणसाला तिथून उठताना त्रास होतो. टांगत्या प्रकारात उंची आपल्या हातात असते. नुसत्या दिसण्यासाठी मी हा प्रकार सुचवत नाही, पण तुमच्या घरात त्याचे दोन खरे फायदे आहेत: ही उंची आणि खाली मोकळी, एका फटक्यात पुसता येणारी जमीन. फक्त लपलेल्या टाकीचे सुटे भाग बेळगावात ज्या कंपनीचे सहज मिळतात तिचीच फ्रेम घ्या. पाणी येण्याच्या ठिकाणी गाळणी असते ती वर्षातून एकदा धुवा. पाणी सोडल्यावर पहिल्या धारेबरोबर येणारा गाळ नेमका तिथं अडकतो.

मैलापाइपला एका फुटाला दोन सूत, म्हणजे पाव इंच उतार द्या. कमोडपासून चेंबर वीस फुटांवर असेल तर एकूण पाच इंच उतार लागतो. म्हणून आधी चेंबर मोजा असं म्हणतोय. चेंबरच्या झाकणापेक्षा बाथरूमची तयार जमीन निदान सहा इंच वर हवी. जुन्या गल्ल्यांतून जोराच्या पावसात मागची गटार तुंबते आणि पाणी उलटं येतं, तेव्हा हे सहा इंचच घर वाचवतात. मैलापाइपला वर गच्चीच्या वर जाणारा तीन इंची हवापाइप जोडायला विसरू नका. तो नसला की फ्लश केल्यावर ट्रॅपमधलं, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या भागातलं पाणी ओढलं जातं, ट्रॅप कोरडा पडतो आणि वास घरात येतो. ट्रॅपमध्ये निदान दोन इंच पाणी उभं राहिलं पाहिजे, घेताना मोजून घ्या. अंघोळीच्या आणि बेसिनच्या पाण्याचा पाइप वेगळा, तीन इंची, बाहेर गली ट्रॅपमध्ये (सांडपाण्याच्या जाळीदार ट्रॅपमध्ये) सोडा. तो मैल्यात आत जोडू नका. (तुमच्याकडं लाल माती असेल तर ठीक. अथणी-रायबागकडच्या काळ्या मातीत कोणी हे वाचत असेल तर बाहेरचा पाइप वाळू-मुरमाच्या गादीवर टाका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते आणि सांधे उखडते.)

जमिनीचा उतार हा या कामातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. कोरड्या पाच फुटांत एका फुटाला एक सूत, अंघोळीच्या तीन फुटांत एका फुटाला दोन सूत. दारापासून मागच्या भिंतीपर्यंत एकूण अकरा सूत, म्हणजे जेमतेम दीड इंचाच्या आत. चालताना कळतही नाही, पण पाणी थांबत नाही. मागच्या भिंतीलगत दोन फूट लांबीची पट्टीसारखी जाळी बसवा. उतार एकाच दिशेला राहतो, टाईल चारी बाजूंनी कापावी लागत नाही. मधोमध गोल जाळी घेतली तर चार दिशांचा उतार द्यावा लागतो आणि मोठी टाईल तिथं कधीच नीट बसत नाही. अंघोळीच्या जागेला उंबरा किंवा पायरी करू नका. आईंसाठी तर नाहीच नाही, आणि सलग जमिनीमुळं खोलीही मोठी दिसते. दाराला मात्र अर्धा इंच उंच, कडा गोल केलेला ग्रॅनाईटचा उंबरठा ठेवा.

बंबाचा कोपरा विसरू नका. वर्षानुवर्षांचा धूर आणि काजळी गिलाव्यात मुरलेली असते, त्यावर कुठलाही थर धरत नाही. तिथं वीट-दगड दिसेपर्यंत गिलावा काढा. इतर भिंतींवर खार आला असेल तर तोही जमिनीपासून तीन-चार फूट उंचीपर्यंत खरवडा आणि भिंत वाळू द्या. पुढं नवा गिलावा ओळंब्यात (सरळ उभा) आणि गुण्यात (काटकोनात) करून घ्या. जुन्या भिंती वरपासून खालपर्यंत इंच-दीड इंच ओळंब्याबाहेर असतात. मोठी टाईल हे दोष लपवत नाही, उलट उठून दाखवते.

वॉटरप्रूफिंग कोणत्या कंपनीचं, यापेक्षा ते कसं लावतात हे महत्त्वाचं. पाइप सगळे जागेवर बसले पाहिजेत, नंतर एकही भोक पडायला नको. जमीन आणि भिंतीचा कोपरा सिमेंट-वाळूचा वाटा मारून गोल करा. काटकोनात थर चिरतो. कोपऱ्यांवर आणि पाइपांभोवती फायबरची जाळी लावा. मग पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटचे दोन हात: पहिला आडवा, तो सुकल्यावर दुसरा उभा. कोरड्या भागात भिंतीवर फूटभर, अंघोळीच्या भागात निदान सहा फुटांपर्यंत. बुटकी भिंत बांधण्याआधी तिच्या मागच्या भिंतीलाही लावा, कारण नंतर तिथं हात पोचणार नाही. तो थर वाळला की जाळी बंद करून दोन इंच पाणी 48 तास उभं ठेवा. पातळी खडूनं भिंतीवर आखा. बाहेरून परड्याच्या बाजूनं आणि शेजारी जाऊनही ओल बघा. पाणी किंचित सुकतं, पण बोटभर उतरलं तर गळती आहे. ही चाचणी टाईल लावण्याआधी करायची असते. नंतर केली तर गळती कळते खरी, पण दुरुस्तीला सगळं उखडावं लागतं.

पाइपांचीही चाचणी घ्या. सीपीव्हीसीचा (गरम पाणी सोसणाऱ्या प्लॅस्टिकच्या पाइपचा) सांधा डिंक लावल्यापासून 24 तास मुरू द्या. मग हातपंपानं सहा-सात किलोचा दाब चढवून रात्रभर ठेवा. सकाळी काटा उतरलेला दिसला तर बुटकी भिंत बंद करू नका. बंद करण्याआधी प्रत्येक भिंतीवर फुटपट्टी धरून फोटो काढून ठेवा, पुढं कुठं भोक पाडायचं हे त्या फोटोवरूनच कळेल.

रेन शॉवरबद्दल स्पष्ट सांगतो, कारण सगळ्यात जास्त निराशा इथं होते. टाकीचा तळ शॉवरच्या तोंडापासून 13 फूट वर असेल तर दाब येतो जवळजवळ 0.4 बार (बार हे दाबाचं माप). 33 फुटांच्या उंचीला एक बार, असा हिशोब आहे. आठ इंची रेन शॉवरला एक बारच्या आसपास दाब लागतो. तुमच्याकडं पाऊस पडणार नाही, थेंब गळतील. मग एक तर छोटा प्रेशर पंप लावा, नाहीतर चार-सहा इंचांचा साधा शॉवर आणि सोबत हँड शॉवर घ्या. आई बसून अंघोळ करणार, त्यांच्या हातात हँड शॉवरच कामाचा. पंप न लावता थोडा फायदा हवा असेल तर टाकीपासून बाथरूमपर्यंतचा पाइप एक इंची ठेवा आणि अर्धा इंची फक्त शेवटच्या दोन-तीन फुटांत करा.

आणि बादली. घरातली बहुतेक माणसं बादली-तांब्यानंच अंघोळ करतात, तरी फोटोतल्या बाथरूममध्ये बादलीला जागाच नसते. मग चकचकीत काचेपाशी प्लॅस्टिकची बादली अडगळ होऊन बसते. आधीच जागा ठेवा: बादलीचा नळ जमिनीपासून 20 इंचांवर, त्याच्या बाजूला 17 इंच उंच, 15 इंच खोल दगडी बाक. कडप्पा किंवा ग्रॅनाईट चालेल, पण वरची बाजू खरखरीत हवी, पॉलिश नको. बाकाला एक सूत पुढं उतार द्या. तिथंच आईंना बसता येईल, आणि इतर वेळी बादली बाकाखाली सरकते. बाक पूर्ण भरीव बांधू नका, दोन आधारांवर ठेवा.

पाण्याकडं येऊ. बोअरचं पाणी जड असेल तर काळ्या मॅट नळावर आठवड्यात पांढरे डाग धरतात, आणि घासले तर काळा थर निघतो. तुमच्या भागात मी क्रोम किंवा ब्रश केलेल्या स्टीलसारख्या रंगाचा नळ सुचवतो. काळा हवाच असेल तर आरशाची चौकट आणि टॉवेलची दांडी काळी घ्या, तिथं पाणी पडत नाही. शक्य असेल तर गच्चीवर दोन टाक्या करा. राकसकोप-हिडकल धरणांचं नळाचं पाणी शॉवर, बेसिन आणि गीझरला, बोअरचं फक्त फ्लशला. दोन्ही पाइप कुठंही एकमेकांना जोडलेले नकोत. एवढ्यानं काचेवरचे डाग, शॉवरची बुजणारी भोकं आणि गीझरच्या कॉइलवरचा थर, तिन्ही कमी होतात. गीझर 50-55 अंशांवर ठेवा, जास्त तापवलं की थर वेगानं बसतो. आतली मॅग्नेशियमची कांडी वर्षातून एकदा तपासून घ्या. 25 लिटरचा गीझर पाण्यासकट 35 किलोच्या पुढं जातो, तो मातीच्या सांध्याच्या भिंतीत अडकवू नका. दाराच्या बाजूची विटेची भिंत योग्य. त्याला वेगळी वायर, वेगळा एमसीबी, बटण बाहेर, आणि घराच्या बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी (शॉक लागताच वीज तोडणारं बटण) हवाच. छतावर सोलर असेल तर एक लक्षात घ्या: पाऊण इंची पाइप पंधरा मीटर लांब असला तर गरम पाणी येण्याआधी जवळजवळ चार लिटर थंड पाणी निघतं. ते बादलीत धरायची सोय ठेवा आणि पाइपवर वेष्टन चढवा.

आता टाईल्स, ज्याची तुम्ही वाट बघताय. पाच फुटांच्या, एकाच खिडकीच्या खोलीत गडद राखाडी घेऊ नका. जुलैतल्या ढगाळ दिवसात ती खोली दुपारीही अंधारी वाटते. लांब भिंतींना उबदार पांढरा किंवा फिकट वाळूचा रंग, मॅट किंवा साटनसारखा, दोन बाय चार फुटांच्या टाईल्समध्ये. टाईल उभी लावा. खालची टाईल बुटक्या भिंतीच्या चार फुटांवर अचूक संपते, वरची तिच्या माथ्यापासून आठ फुटांपर्यंत जाते. आडवा काप कुठंच येत नाही. म्हणूनच बुटकी भिंत तयार होऊन चार फूट अधिक एक सांधा एवढीच भरली पाहिजे. फ्रेम 44-45 इंचांची असते, ती त्यात मावते. आठ फुटांवर टाईल थांबवा, वर बुरशीरोधक रंग. पीओपीचं छत अजिबात नको.

समोरच्या खिडकीच्या भिंतीला मात्र मन मोकळं करा. तिथं हिरवट निळ्या छोट्या टाईल्स, जुन्या घरांतल्या नक्षीच्या फरशीसारखी छापील टाईल, किंवा खानापूरच्या कौलाच्या रंगाची तांबूस टाईल शोभून दिसेल. मला स्वतःला तांबूस आवडते, कारण पावसाळ्यातल्या निळसर उजेडात ती खोलीला ऊब देते. खरी सिमेंटची नक्षीदार फरशी अंघोळीच्या जागी टाळा, ती पाणी शोषते आणि ॲसिडनं खराब होते. तसाच नमुना असलेली विट्रिफाइड टाईल घ्या. जमिनीला एक बाय एक फुटाची, खरखरीत, निदान आर-10 दर्जाची (हे न घसरण्याचं माप) टाईल, अंघोळीच्या जागेत आणि कोरड्या भागात एकच. शहाबादी फरशी टाकून देऊ नका, ती परड्यात धुण्याच्या जागी उत्तम चालेल.

हिशोब असा. दोन लांब भिंतींना 16 मोठ्या टाईल्स, दाराच्या भिंतीला 4. एका पेटीत दोन असतात, म्हणजे दहा पेट्या आणि एक जादा. उरलेली पेटी जपून ठेवा, तोच माल पुढच्या वर्षी गुजरातच्या मोरबीहून येईल याची खात्री नसते. सगळ्या पेट्यांवरचा शेड नंबर आणि बॅच एकच आहे का हे दुकानातच तपासा. जमिनीला 44 चौरस फूट, मागच्या भिंतीला खिडकी वजा करून 38-40. एवढ्या मोठ्या टाईल्स सिमेंटच्या घोळावर लावू देऊ नका. मागं पोकळी राहते, बोटानं वाजवलं की पोकळ आवाज येतो, आणि दोन-तीन वर्षांत टाईल सुटते. आयएस 15477 प्रमाणे टाईप 2 किंवा त्यावरचं ॲडहेसिव्ह घ्या. दातेरी थापीनं भिंतीवर आणि पातळ थर टाईलच्या पाठीवरही. टाईलच्या पाठीवरची पांढरी भुकटी आधी ओल्या ब्रशनं काढली पाहिजे, ती राहिली तर ॲडहेसिव्ह टाईलला न चिकटता भुकटीला चिकटतं. पाच-सहा मिलिमीटर थराला 20 किलोची पिशवी तीसेक चौरस फूट जाते, म्हणून एकूण आठ पिशव्या धरा. सांधा दोन-तीन मिलिमीटरचा ठेवा. टाईल टाईलला भिडवायचा आग्रह धरू नका. जमीन आणि अंघोळीच्या भागात इपॉक्सी ग्राउट भरा, आणि ते पुसायला माणूस मागोमाग ठेवा. वाळल्यावर त्याचा पांढुरका पापुद्रा निघत नाही.

बाकीचं पटकन सांगतो. काचेचं दार नको. 24 इंच रुंद, आठ मिलिमीटर टफन्ड काचेचा एक स्थिर पडदा कमोड आणि अंघोळीच्या मध्ये बुटक्या भिंतीलगत उभा करा. पलीकडं 27 इंच मोकळे राहतात. आईंना पुढं आधारानं नेण्याची वेळ येईल असं वाटत असेल तर काचही नको, साधा पडदा बरा. कमोडशेजारी आणि बाकाशेजारी 33-36 इंच उंचीवर धरायच्या दांड्या हव्यात. काचेवर त्या बसवता येणार नाहीत, म्हणून बुटकी भिंत बांधतानाच आत लोखंडी पट्टी सोडा. टॉवेलची दांडी धरायला वापरू नका, ती उपटून येते. दार बाहेर उघडणारं किंवा सरकतं घ्या. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार अडकतं. दाराखाली पाऊण इंच फट ठेवा, हवा तिथूनच आत येते आणि सहा इंची एक्झॉस्ट पंखा ती बाहेर काढतो. पंखा अंघोळीनंतर पंधरा-वीस मिनिटं चालू राहू द्या. खिडकीवर दीड फुटांचं छज्जं आणि बाहेर उतार असलेली ग्रॅनाईटची पट्टी हवी, नाहीतर पावसाची झड आत येते. दिवे आरशाच्या दोन्ही बाजूंना, डोळ्यांच्या उंचीला, 4000 केल्विनच्या आसपासच्या रंगाचे. डोक्यामागं एकच दिवा असला तर आरशात चेहऱ्यावर सावली येते. टाईल धुवायला ॲसिड वापरू नका, ग्राउट आणि नळ दोन्ही जातात.

आतापर्यंतचा क्रम एका ओळीत मांडायचा तर: चेंबर आणि टाकीची मापं, मग पाडकाम, काँक्रीट, गिलावा, फ्रेम आणि पाइप, दाबाची चाचणी, वॉटरप्रूफिंग, पाण्याची चाचणी, बुटकी भिंत बंद, टाईल्स, ग्राउट आणि शेवटी नळ-आरसा-काच. टाईल दुकानातून उचलायची वेळ गिलाव्यानंतर येते. त्याआधी फक्त नमुना पसंत करा. गवंडी कन्नड बोलणारा असो की मराठी, नळ, कमोड आणि बाकाची मापं भिंतीवर प्रत्यक्ष आकारात खडूनं आखून द्या. कागदावरच्या नकाशापेक्षा त्यानं चुका कमी होतात.

गणपतीचा मुद्दा राहिला. पावसाळ्यात काम काढलंत तर खरवडलेली जुनी भिंत वाळत नाही, आणि ओल्या भिंतीवरचा वॉटरप्रूफिंगचा थर फुगून सुटतो. एवढी एकच गोष्ट घाईत करता येत नाही. पाऊस लागायच्या आत पाडकाम, काँक्रीट आणि गिलावा झाला आणि भिंत कोरडी मिळाली, तर पुढचं काम पावसातही होईल. ते जमत नसेल तर गणपतीपर्यंत जुनीच न्हाणी रंगवून वापरा आणि दिवाळीनंतर काम काढा. चेंबरची खोली, टाकीची उंची आणि भिंतीचा प्रकार मोजून कळवलंत तर पाइपांचा उतार आणि शॉवरचा निर्णय नेमका सांगता येईल.